संगणकजाळ्यावरील साठवण आणि कूटलेखनाचा भार : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाच्या जाळ्यावर साठवलेली माहिती गोपनीय राखावयाची असेल तर ती कूटलिखित स्वरूपात ठेवली पाहिजे, हे तत्त्व संगणकशास्त्रात फार पूर्वीपासून मान्य आहे. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत, आणि अनेक ठिकाणी त्यानंतरही, विद्यापीठे, कार्यालये व उद्योग यांच्या अंतर्गत जाळ्यांवरून फायली उघड्या स्वरूपातच ये-जा करीत राहिल्या. याचे कारण विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळे : कूटलेखनाने यंत्रणा मंदावते. हे उत्तर एके काळी खरे होते. पुढे ते अंशतः खरे उरले आणि शेवटी पुष्कळ ठिकाणी ते केवळ सवयीने दिले जाऊ लागले. या उत्तराचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

कूटलेखन म्हणजे ज्याला इंग्रजीच्या अनुकरणाने एन्क्रिप्शन म्हटले जाते ती क्रिया. ठरावीक गणिती पद्धतीने आणि एका गुप्त किल्लीच्या साहाय्याने मजकुराचे असे रूपांतर करावयाचे की किल्ली नसणाऱ्याला तो निरर्थक भासावा. या क्रियेचा भार म्हणताना येथे तीन गोष्टी अभिप्रेत आहेत. पहिली, प्रोसेसरचा खर्च होणारा वेळ. दुसरी, प्रत्येक मागणीस उत्तर मिळण्यास लागणारा विलंब व एकूण प्रवाहाच्या वेगात होणारी घट. तिसरी, कूटलेखनामुळे ज्या इतर सोयी बंद पडतात त्यांचे नुकसान. यातील पहिल्या गोष्टीची चर्चा सर्वाधिक झाली. प्रत्यक्षात तिसरी गोष्ट अधिक काळ टिकून राहिली, असे या अभ्यासातून दिसते.

उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) जाळ्यावरील साठवणीत कूटलेखन का टाळले गेले, याची तांत्रिक कारणे कालक्रमाने मांडणे.
२) हा भार यंत्रणेच्या कोणत्या भागावर पडत होता आणि तो कसा स्थलांतरित होत गेला, हे पाहणे.
३) वेगासाठी केलेल्या तडजोडींचे सुरक्षिततेवर झालेले परिणाम तपासणे.

यासाठी प्रसिद्ध झालेली मानके, परिषदांतील शोधनिबंध आणि उत्पादकांचे जाहीर तांत्रिक दस्तऐवज यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाचा कालखंड १९७७ ते २०२२ असा आहे.

१. जाळे आधी, कुलूप नंतर

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने जानेवारी १९७७ मध्ये डीईएस हे कूटलेखनाचे मानक प्रसिद्ध केले. आयबीएम कंपनीतील संशोधनातून निघालेल्या या पद्धतीत ६४ बिटांचा गट घेऊन ५६ बिटांच्या किल्लीने त्यावर १६ फेऱ्या केल्या जात. यातील बिटांची अदलाबदल विद्युत्‌मंडलात केवळ तारांची जोडणी बदलून साधता येते. तेथे तिला जवळजवळ काहीच खर्च पडत नाही. तेच काम सर्वसाधारण प्रोसेसरवर आज्ञावलीने करावयाचे झाल्यास एकेक बिट उचलून जागेवर ठेवावा लागतो. म्हणजेच पहिले सार्वजनिक मानक मुळात स्वतंत्र मंडलासाठी घडविलेले होते. आणि ज्या यंत्रांवर फायली साठवल्या जाणार होत्या त्यांत असे मंडल सहसा नसे.

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८५ च्या सुमारास एनएफएस ही जाळ्यावरील फाइलव्यवस्था पुढे आणली. दूरच्या संगणकावरील फाइल जणू आपल्याच तबकडीवर आहे असा अनुभव तिने दिला आणि ती वेगाने पसरली. मात्र तिची सुरक्षा विश्वासावर उभी होती. मागणी करणारे यंत्र वापरकर्त्याचा जो क्रमांक सांगेल तो सर्व्हर खरा मानीत असे. एकाच इमारतीतील, एकाच संस्थेची, ओळखीच्या माणसांनी चालविलेली यंत्रे जाळ्यावर असतील, हे त्यामागील गृहीतक होते.

हे गृहीतक लवकरच अपुरे ठरले. त्यावर उपाय म्हणून सनने मागणीकर्त्याची ओळख पटविणारी सुरक्षित यंत्रणा दिली. तिच्यात किल्लीच्या देवाणघेवाणीसाठी १९२ बिटांची संख्या वापरली होती. परंतु या यंत्रणेने केवळ मागणी कोणाची हे सिद्ध होई. फाइलमधील मजकूर उघडाच राही. शिवाय लहान संख्येमुळे गणन हलके झाले तरी कुलूपही हलके झाले. १९९१ मध्ये लामाकिया आणि ओडलिझ्को या संशोधकांनी एवढ्या आकाराची संख्या पुरेशी नसल्याचे दाखवून दिले.

कार्नेगी मेलन विद्यापीठात घडलेल्या एएफएस या व्यवस्थेचा अनुभवही असाच होता. तिने जाळ्यावरील मजकुराचे कूटलेखन करण्याची सोय ठेवली होती. मात्र त्यासाठी डीईएसऐवजी आज्ञावलीत अधिक वेगाने चालणारी, पण डीईएसहून दुर्बळ अशी एफक्रिप्ट ही पद्धत वापरली. वेगासाठी सुरक्षिततेत केलेली ही कपात पुढे अनेक वर्षे त्या व्यवस्थेच्या गळ्यात राहिली. भाराच्या भीतीने केलेली तडजोड यंत्रे वेगवान झाल्यावरही सहजासहजी मागे घेता येत नाही, हा धडा येथे प्रथम दिसतो.

२. मॅट ब्लेझ यांचा प्रयोग (१९९३)

एटी अँड टी बेल प्रयोगशाळेतील मॅट ब्लेझ यांनी १९९३ मध्ये सीएफएस ही कूटलिखित फाइलव्यवस्था मांडली. तिच्यामागील विचार साधा व मूलगामी होता. सर्व्हरवर, तबकडीवर अथवा तारेवर विश्वास ठेवूच नये. मजकूर वापरकर्त्याच्या यंत्रातून बाहेर पडण्यापूर्वीच कूटलिखित व्हावा. फायलींची नावेही याच पद्धतीने झाकली जात. सर्व्हरला आपण काय साठवीत आहोत हे कळतही नसे आणि त्याला अतिरिक्त कामही पडत नसे.

यात भाराचा प्रश्न ब्लेझ यांनी कसा हाताळला, हे पाहण्यासारखे आहे. डीईएस मंद होते. आणि फाइलच्या मधल्या कोणत्याही भागाची मागणी केव्हाही येऊ शकते, त्यामुळे आरंभापासून साखळीने कूटलेखन करणे परवडणारे नव्हते. त्यांनी वापरकर्त्याने परवलीचे वाक्य देताच सुमारे अर्धा मेगाबाइट लांबीचा यादृच्छिक भासणारा बिटांचा पट्टा एकदाच तयार करून मेमरीत ठेवला. पुढे प्रत्येक गट त्या पट्ट्याशी मिसळून मग त्यावर डीईएस लावले जाई. अशा रीतीने गणनाचा मोठा भाग आधीच उरकला जाई आणि प्रोसेसरच्या वेळेच्या मोबदल्यात मेमरी खर्च होई.

तरीही सीएफएस मंदच वाटे, आणि त्याचे कारण केवळ डीईएस नव्हते. ही व्यवस्था कार्यप्रणालीच्या गाभ्याबाहेर, एका सामान्य प्रक्रियेच्या रूपात चालत असे. प्रत्येक वाचन-लेखनासाठी मजकूर गाभ्यातून बाहेर आणि बाहेरून पुन्हा गाभ्यात असा नकलला जाई. भार गणिताचा किती आणि वाहतुकीचा किती, हा प्रश्न येथून पुढे आला.

३. भार नेमका कोठे?

या प्रश्नाची उत्तरे पुढील दशकात मिळाली. कोलंबिया विद्यापीठात एरेझ झाडोक व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये क्रिप्टएफएस ही व्यवस्था कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसविली. डीईएसऐवजी आज्ञावलीसाठी अनुकूल असलेली ब्लोफिश पद्धत वापरली. नकला वाचल्याने वेग सुधारला.

एमआयटीमधील डेव्हिड माझिएर्स व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या एसएफएसच्या मोजमापांतून अधिक बारीक चित्र पुढे आले. लहान मागण्यांमध्ये कूटलेखन बंद केले तरी विलंबात फारसा फरक पडत नव्हता. तेथे वेळ खात होती ती गाभ्याबाहेरची ये-जा. मोठी फाइल सलग वाचताना मात्र कूटलेखनाचा भार स्पष्ट जाणवत होता. म्हणजे ‘कूटलेखन किती महाग?’ या प्रश्नाला एकच आकडा हे उत्तर असू शकत नाही. काम कोणत्या प्रकारचे आहे, यावर ते अवलंबून असते.

या संदर्भात ह्युलेट-पॅकार्ड प्रयोगशाळेतील एरिक रिडेल, महेश कल्लहल्ला आणि राम स्वामिनाथन यांचा २००२ चा निबंध महत्त्वाचा आहे. त्यांनी तोवरच्या सुरक्षित साठवण-व्यवस्थांना एकाच चौकटीत मांडून त्यांची तुलना केली. तारेवर कूटलेखन करणाऱ्या व्यवस्था आणि तबकडीवर मजकूर कूटलिखितच ठेवणाऱ्या व्यवस्था असे दोन गट त्यात होते. एका कार्यगटाच्या युनिक्स सर्व्हरवरील प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवरून त्यांनी निष्कर्ष काढला की त्या परिस्थितीत दुसरा गट अधिक सुरक्षित तर होताच, शिवाय अधिक वेगवानही होता.

वरवर विपरीत वाटणाऱ्या या निष्कर्षाचे कारण उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक फाइल एकाने लिहिली आणि वीस जणांनी एकेकदा वाचली. तारेवरील कूटलेखनात सर्व्हरला लेखनाच्या वेळी एकदा मजकूर उलगडावा लागतो आणि वाचनाच्या वेळी वीस वेळा पुन्हा कूटलिखित करावा लागतो; एकूण एकवीस क्रिया त्या एकाच यंत्रावर पडतात. तबकडीवर कूटलिखित ठेवण्याच्या पद्धतीत लिहिणारा एकदा कूटलेखन करतो, वाचणारा प्रत्येक जण आपापल्या यंत्रावर एकदा उलगडतो आणि सर्व्हरला एकही क्रिया करावी लागत नाही. भार नाहीसा होत नाही, पण तो सर्वांत गर्दीच्या जागेवरून हलून रिकाम्या बसलेल्या यंत्रांवर वाटला जातो.

याच गटाने २००३ मध्ये प्लूटस ही व्यवस्था मांडली तेव्हा या पद्धतीची दुसरी बाजूही पुढे आली. किल्ल्या आता वापरकर्त्यांच्या हाती असतात. एखाद्याचा अधिकार काढून घेतला तर त्याला ठाऊक असलेल्या किल्लीने झाकलेल्या सर्व फायली नव्याने कूटलिखित कराव्या लागतील. हा भार एकदम पडू नये म्हणून फाइल पुढच्या वेळी बदलली जाईल तेव्हाच नवी किल्ली लावावी, असा मार्ग त्यांनी स्वीकारला. प्रोसेसरचा भार कमी झाला, पण किल्ल्यांच्या व्यवस्थापनाचा वाढला.

४. नवे मानक आणि प्रोसेसरची मदत

डीईएसची ५६ बिटांची किल्ली अपुरी असल्याचे १९९८ मध्ये निर्विवाद सिद्ध झाले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात बांधलेल्या यंत्राने ती ५६ तासांत शोधून काढली. तत्पूर्वीच, १९९७ मध्ये, नव्या मानकासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली होती. पंधरा प्रस्तावांतून बेल्जियमच्या योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांची पद्धत निवडली गेली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ती एईएस या नावाने मानक झाली. निवडीच्या निकषांत सुरक्षिततेबरोबर सामान्य प्रोसेसरवरील वेगाचाही समावेश होता, हा डीईएसच्या अनुभवाचा परिणाम म्हणता येईल.

तथापि वेग मिळविण्यासाठी एईएसच्या बहुतेक आज्ञावल्या मेमरीतील तयार कोष्टकांचा आधार घेत, आणि तेथेच नवी उणीव निघाली. कोष्टकाचा कोणता भाग प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीत आहे, यावरून लागणारा वेळ बदलतो. त्या वेळेवरून किल्लीचा अंदाज बांधता येतो. डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्ये आणि ओस्विक, शमीर व ट्रोमर यांनी २००६ मध्ये हे दाखवून दिले. दुसऱ्या निबंधातील एक लक्ष्य लिनक्समधील कूटलिखित तबकडीव्यवस्था हेच होते आणि तिची किल्ली सेकंदाच्या अल्पशा अंशातील मोजमापांतून मिळविली गेली. वेगासाठी घेतलेली आडवाट पुन्हा एकदा सुरक्षिततेला भोवली.

या दोन्ही अडचणींवर इंटेल कंपनीने २०१० पासून आपल्या प्रोसेसरमध्ये आणलेल्या खास आज्ञांनी उत्तर दिले. एईएसची एक संपूर्ण फेरी एका आज्ञेत होऊ लागली. १२८ बिटांच्या किल्लीसाठी दहा फेऱ्या लागतात. म्हणजे सोळा बाइटांच्या गटाला मुख्य अशा दहाच आज्ञा पुरतात, आणि कोष्टके नसल्याने त्यांतून वेळेची गळतीही होत नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येईल. गिगाबिट जाळे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट वाहून नेते. उदाहरणादाखल, कोष्टकांवर आधारित आज्ञावलीला एका बाइटमागे वीस आवर्तने लागतात असे धरले, तर दोन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला १०० मेगाबाइट कूटलेखन करील. म्हणजे संपूर्ण प्रोसेसर जुंपूनही तार भरणार नाही. आवर्तने दोनवर आली तर तोच प्रोसेसर १००० मेगाबाइटांचा पल्ला गाठील आणि तार भरण्यास त्याचा आठवा हिस्सा पुरेल.

मात्र हे समाधान कायमचे नव्हते. ईथरनेटचा वेग १९८३ च्या मानकात १० मेगाबिट होता. १९९५ मध्ये तो १००, १९९८ मध्ये १०००, तर २००२ मध्ये १०,००० मेगाबिट झाला. फिरत्या तबकडीला मागणी पुरी करण्यास काही मिलिसेकंद लागत, तेव्हा कूटलेखनाचे मायक्रोसेकंद त्यात लपून जात. अर्धवाहक साठवण आली आणि तो आडोसा गेला. भार हा नेहमी साखळीतील सर्वांत मंद कडीच्या तुलनेत मोजला जातो आणि ती कडी बदलत राहते.

५. ऐच्छिक सुरक्षेचा कालखंड आणि त्याचा शेवट

मानककर्त्यांनी या काळात एक मधला मार्ग पत्करला होता. २००३ मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेल्या एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत केर्बेरॉसवर आधारित सुरक्षेच्या तीन पायऱ्या होत्या : केवळ ओळख, मजकूर अबाधित असल्याची हमी, आणि संपूर्ण गोपनीयता. २००४ च्या आय-स्कझी मानकाने आयपीसेकची सोय उत्पादनात असणे बंधनकारक केले. ती वापरणे मात्र बंधनकारक केले नाही. ‘सोय हवी, सक्ती नको’ या धोरणाने भाराचा निर्णय व्यवस्थापकावर सोपविला. वेग दिसतो, मोजता येतो आणि त्याबद्दल तक्रार येते. गोपनीयतेचा अभाव मात्र घटना घडेपर्यंत दिसत नाही. त्यामुळे कल कोणत्या बाजूला झुकणार, हे उघड होते.

हा कल बदलण्यास तांत्रिक प्रगतीइतकेच बाह्य प्रसंग कारणीभूत झाले. कॅलिफोर्निया राज्यात जुलै २००३ पासून लागू झालेल्या कायद्याने माहिती फुटल्यास संबंधितांना कळविणे सक्तीचे केले. मात्र कूटलिखित माहितीला त्यातून सूट होती. २००५ मध्ये बँक ऑफ अमेरिकेच्या, सुमारे १२ लाख खात्यांची माहिती असलेल्या चुंबकीय फिती वाहतुकीत गहाळ झाल्या. कूटलेखन न करण्याचीही किंमत असते, हे त्यामुळे हिशेबाच्या वहीत प्रथमच दिसू लागले. २००७ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या एलटीओ फितीयंत्रांत कूटलेखनाचे मंडल अंगभूत होते.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०१३ चा. गूगल व याहू यांच्या माहितीकेंद्रांना जोडणाऱ्या खासगी तारांवरील मजकूर गुप्तहेर संस्था मिळवीत असल्याचे एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवरून प्रसिद्ध झाले. ‘अंतर्गत जाळे विश्वासार्ह असते’ हे १९८५ चे गृहीतक यामुळे जाहीरपणे निकालात निघाले. मे २०१४ मध्ये इंटरनेटच्या मानकसंस्थेने व्यापक पाळत हा आक्रमणाचाच प्रकार मानण्याचे धोरण स्वीकारले.

आता प्रश्न गणिताचा नव्हे, वाहतुकीचा उरला होता. मोठे सर्व्हर वेगासाठी मजकुराला स्पर्शही न करता तो तबकडीवरून थेट जाळ्यावर पाठवीत. कूटलेखनासाठी मात्र प्रत्येक बाइट प्रोसेसरपर्यंत आणणे भाग पडे. नेटफ्लिक्स कंपनीच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये या अडचणीचे वर्णन करून कूटलेखन कार्यप्रणालीच्या गाभ्यातच करण्याचा मार्ग मांडला. २०१७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही तशी सोय आली. मायक्रोसॉफ्टच्या एसएमबी या फाइलव्यवस्थेत २०१२ पासून कूटलेखन उपलब्ध होते. परंतु ते सुरू केल्यावर मेमरीतून मेमरीत थेट मजकूर ठेवण्याची वेगवान पद्धत बंद पडे आणि महागडे जाळे सामान्य जाळ्याइतके मंद होई. ही त्रुटी ‘विंडोज सर्व्हर २०२२’ या आवृत्तीत दूर झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये एनएफएसच्या मुळाशी असलेल्या आरपीसी यंत्रणेत टीएलएस वापरण्याचे मानक प्रसिद्ध झाले. कूटलेखन हा अपवाद न राहता मूळ स्थिती व्हावी, ही दिशा त्याच्या शीर्षकातच नमूद आहे.

६. न दिसणारा भार

प्रोसेसरची मदत मिळूनही काही भार गेलेला नाही. उत्तम कूटलेखनाचा मजकूर यादृच्छिक दिसतो; म्हणूनच तो आकुंचित करता येत नाही. दोन वापरकर्त्यांची एकसारखी फाइल वेगवेगळ्या किल्ल्यांनी वेगळी दिसते. त्यामुळे एकच प्रत ठेवून जागा वाचविण्याची युक्तीही चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या फारसाइट प्रकल्पात २००२ मध्ये यावर तोडगा निघाला : फाइलच्या मजकुरापासूनच तिची किल्ली तयार करावयाची, म्हणजे समान फायली समानच दिसतील. जागा वाचली, परंतु विशिष्ट फाइल कोणाजवळ आहे, हे बाहेरच्यालाही ताडून पाहता येऊ लागले.

भार पूर्णपणे साठवणयंत्रावर सोपविण्याच्या मार्गालाही मर्यादा आहेत. स्वतःच कूटलेखन करणाऱ्या काही अर्धवाहक तबकड्यांत परवलीचा शब्द न कळताही मजकूर मिळविता येतो, असे २०१८ मध्ये नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी दाखविले. त्यानंतर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील मूळ निवड बदलून पुन्हा आज्ञावलीने होणाऱ्या कूटलेखनाला पसंती दिली. भार वाहणाऱ्याच्या कामाची तपासणी करता येत नसेल तर वाचलेला वेळ फसवा ठरतो.

निष्कर्ष

१) कूटलेखनाचा भार ही स्थिर राशी नाही. प्रोसेसर, जाळे व साठवण यांच्या परस्पर वेगानुसार ती बदलते. म्हणून एका काळातील मोजमाप दुसऱ्या काळात प्रमाण मानणे योग्य नाही.

२) ज्याला कूटलेखनाचा भार समजले गेले तो पुष्कळदा मजकुराच्या अनावश्यक नकलांचा व ये-जा करण्याचा भार होता. १९९३ ते २०२२ या काळातील मोठ्या सुधारणांपैकी बऱ्याच गणितात नसून मांडणीत झाल्या.

३) वेगासाठी सुरक्षिततेत केलेली कपात, मग ती लहान संख्येची असो, दुर्बळ पद्धतीची असो वा कोष्टकांची असो, कालांतराने महाग पडली.

४) भार नाहीसा होण्यापेक्षा स्थलांतरित होतो : सर्व्हरवरून वापरकर्त्याच्या यंत्रावर, प्रोसेसरवरून किल्ल्यांच्या व्यवस्थापनावर, गणनावरून जागेवर.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची बाब मात्र तांत्रिक नाही. यंत्रणा मंदावल्याचा त्रास ती चालविणाऱ्याला होतो. मजकूर उघडा राहिल्याचा त्रास ज्याची माहिती साठवली आहे त्याला होतो. खातेदार, रुग्ण वा विद्यार्थी यांना हा निर्णय घेताना कोणी विचारीत नाही. त्यामुळे ‘परवडत नाही’ असे म्हणताना कोणाला परवडत नाही, हा प्रश्न सुटून जातो. संस्थेने कूटलेखन नाकारण्याचा निर्णय घेण्यास हरकत नाही. पण तो आपल्या यंत्रांवर, आपल्या कामाचे, आजचे मोजमाप करून घ्यावा आणि ज्यांची माहिती आहे त्यांच्या नुकसानीची बाजूही त्याच हिशेबात मांडावी, एवढी अपेक्षा या इतिहासावरून करता येते.